थरथरलं की सोडायचं

सुगतनं ती लाल गाडी घरासमोर आणून उभी केली, त्या दिवसापासून मी तिला नावं ठेवली. पाच महिने ठेवत राहिलो. आता माझ्याकडे तिला ठेवायला नाव उरलेलं नाही. सांगायचं आहे ते साधं आहे, पण घरात कुणी ऐकून घेत नाही, म्हणून इथं सांगतो.

मी निवृत्ती. लातुरात सरकारी कचेरीची जीप बत्तीस वर्षं चालवली. साहेब अठरा बदलले, जीपा तीन बदलल्या, मी तोच राहिलो. माझी एक खोड होती. गाडीत बसलो की चपला काढून सीटखाली सारायच्या आणि अनवाणी चालवायची. नवे साहेब नाक मुरडायचे. मी म्हणायचो, साहेब, चपलेतून गाडी ऐकू येत नाही. पुढे कुणाचा भाऊ, कुणाचा मेहुणा माझ्याकडे ड्रायव्हिंग शिकायला यायचा, त्यालाही आधी चपला काढायला लावायचो. पन्नासेक माणसं शिकवली असतील. एकानं कधी कुणाला धडक दिली नाही, याची मला लई घमेंड होती.

दुसरी शिकवण त्र्याण्णवच्या भूकंपातली. पहाटे जमीन हलली आणि उजाडायच्या आत डॉक्टरला घेऊन मी किल्लारीच्या वाटेला लागलो. मग दोन आठवडे तेच काम, जाताना औषधं आणि येताना जखमी. पाऊसही तेव्हाच झोडपायला लागला होता. एका दुपारी मागे पाच माणसं आडवी घातलेली, रस्त्यावर काळ्या मातीचा राडा, आणि वळणावर बघतो तर सात-आठ बाया भर रस्त्यात बसलेल्या. घरं पडल्यावर माणसं भिंतीजवळ बसायलाच भ्यायची, रस्ता बरा वाटायचा त्यांना. मी ब्रेक दाबला. पेडल पायाखाली थरथरायला लागलं, चाकं अडकली आणि जीप तशीच घसरत त्यांच्याकडे निघाली. मी पाय उचलला, परत दाबला. उचलला, दाबला. उचलला, दाबला. तिसऱ्या दाबाला जीप थांबली. पुढचा बंपर आणि एका म्हातारीचा गुडघा यांच्यात वीतभर जागा राहिली होती. ती म्हातारी उठलीसुद्धा नाही, नुसती माझ्याकडे बघत राहिली.

तेव्हापासून माझा कायदा ठरला. पेडल थरथरलं की सोडायचं, परत दाबायचं, तीनदा. शिकायला येणाऱ्याच्या हाडीमाशी तो भिनवायचो. तसंही भूकंपानंतर आमच्याकडे तळपायाला हादरा लागला की माणूस आधी पाय उचलतो आणि विचार मागून करतो.

सुगत माझा एकुलता एक. भूकंप झाला तेव्हा बारा वर्षांचा होता. आमच्याही घराला तडे गेले होते, वर्षभर आम्ही पत्र्याच्या शेडात काढलं, आणि त्या शेडात बसून हा पोरगा गणितं सोडवायचा. लातूरची हवाच तशी होत गेली, गल्लीगल्लीत क्लास. सुगत इंजिनिअर झाला, परत आला आणि फिजिक्स शिकवायला लागला. आज त्याच्या क्लासला धर्माबादपासून, अर्धापूरपासून पोरं येतात, चौकात त्याचा चेहरा माझ्या अख्ख्या घराएवढा लावलेला आहे. कष्टानं मिळवलं त्यानं, मी नाही म्हणत नाही. लहानपणापासून त्याला एकच हौस होती, रेसची गाडी. ती त्यानं बेचाळिसाव्या वर्षी पुरी केली. दोनच दारं, बसलं की बूड रस्त्याला टेकतंय असं वाटावं इतकी बुटकी, मागे नावापुरती सीट.

पहिल्याच रविवारी त्यानं मला औसा रोडला नेलं आणि स्टेअरिंग माझ्या हातात दिलं. मी चपला काढल्या. तो हसला. गाडी निघाली, आणि मला वाटलं मी हेडमास्तरच्या मांडीवर बसलोय. रस्त्यावरचा पांढरा पट्टा ओलांडला की टुंईटुंई. पुढच्या मोटारसायकलीच्या जरा जवळ गेलो की आपली आपण ब्रेक मारते. वळणावर जरा जोर द्यावा तर इंजिनच मऊ पडतं. एकदा तर मी डावीकडे घेतोय आणि ती हळूच स्टेअरिंग उजवीकडे ओढतेय.

"आबा, कसं वाटून राहिलं?" सुगत म्हणाला.

"पाव्हण्यावाणी. चाक माझ्या हातात अन् हुकूम हिचा. एवढ्या घोड्यांची गाडी घेतलीस अन् सगळ्या घोड्यांच्या तोंडाला मुसकी बांधलीस."

"त्या मुसक्यांमुळंच जीव वाचतो, आबा. माणूस चुकतो. गाडी ती चूक होऊ देत नाही. मी क्लासमध्ये पोरांना हेच सांगतो, हुशारी नंतर, आधी निगेटिव्ह मार्क टाळा."

"मग मजा कशाची?"

"सुखरूप पोचण्याची."

"ती तर एश्टीतबी येती," मी म्हणालो. तो खट्टू झाला. मला तेव्हा ते आवडलं होतं.

माझी बायको पारूबाई मात्र लेकाच्या बाजूची. तिला ती गाडी फार आवडली. "पोटातलं पानी हलंना हिच्यात," ती म्हणायची. "तुमच्या जीपीत बसून बसून माझ्या मणक्यांचा खुळखुळा झाला." ती जीप म्हणजे कचेरीनं लिलावात काढलेली माझी तिसरी जीप. निवृत्त झाल्यावर मीच घेतली आणि घरामागच्या मोकळ्या जागेत ठेवली. पारू तिला आपली सवत म्हणायची.

आणि लुंबिनी, सुगतची पोरगी, माझी नात. तिची आई उदगीरच्या दवाखान्यात नोकरीला, आठवड्यातून दोनदा घरी यायची. त्यामुळे ही आम्हा म्हाताऱ्यांच्या हाताखालीच वाढली. सहावीपासून तिच्या खोलीच्या भिंतीवर वेळापत्रक. बापाचाच क्लास, त्यामुळे चुकवायची सोय नाही. चुकवला तर मी होतो. "मीच नेलं होतं तिला नांदेडला." "लोणच्याची बरणी माझ्याच हातून फुटली." "मोबाईल मी मागितला होता." सुगतला सगळं कळायचं. "टाका, आबांच्या नावावर टाका," म्हणायचा आणि सोडून द्यायचा. घरातली ती एक मस्करीच होऊन बसली होती.

बारावीनंतर नीटमध्ये तिला कमी मार्क पडले. परत बसायचं ठरलं. नवी बॅच सुरू व्हायला महिना होता, आणि त्या महिन्यात पोरगी खिडकीशी नुसती बसून असायची. कुणाशी बोलेना. एक दिवस मी म्हणालो, चल, तुला जीप शिकवतो.

तिनं चपला काढल्या, क्लचवर पाय ठेवला आणि दचकली. "आबा, तळपायात गुदगुल्या होऊन राहिल्यात!"

"ते इंजिन बोलतंय. ऐकत राहा."

गावाबाहेरच्या माळावर आम्ही रोज सकाळी जायचो. दोन तासांत ती घामाघूम व्हायची, स्टेअरिंग ओढून खांदे भरून यायचे. गिअर अडायचा तेव्हा जीपला शिव्या द्यायची, ज्या तिच्या बापानं ऐकल्या असत्या तर मलाच घराबाहेर काढलं असतं. पण हसायची. वर्षभरात ती तशी हसली नव्हती. पहिला पाऊस पडून माळ ओला झाला तशी मी तिला माझा कायदा शिकवला. जोरात न्यायची, दाबायचं, थरथरलं की सोडायचं. ती मोठ्यानं मोजायची, "एक! दोन! तीन!" आणि तीनला जीप चिखलात उभी. शंभरदा तरी करून घेतलं असेल. शेवटी शेवटी मोजायची गरजच पडेना, पाय आपोआप चालायचा. मी पारूला म्हणालो, पन्नास शिकवले, पण असा पाय कुणाचा नाही.

लायसन आलं आणि सुगतनं कौतुकानं तिला लाल गाडी चालवायला दिली. दोन दिवसांत कंटाळली. "आबा, ह्यात मजाच न्हाई. मी हिला चालवत न्हाई, ही मला चालवून राहिली. क्लासमधी बसल्यासारखं वाटतं."

माझी छाती फुगली. माझंच म्हणणं होतं ते. "मग ते सगळं बंद कर की," मी म्हणालो.

आम्ही दोघं गाडीत बसलो आणि त्या काचेच्या पाटीवर बोटं फिरवत एकेक शोधून बंद केलं. टुंईटुंई बंद. पट्ट्यावर ओढणं बंद. आपली आपण ब्रेक मारणं बंद. घसरू न देणारं जे काय होतं, तेही बंद. मग माळाकडच्या रस्त्यावर तिनं गाडी सोडली. वळणावर मागची चाकं जराशी बाहेर गेली, लुंबिनीनं ती हातानं सावरली आणि किंकाळी मारली, आनंदाची. मीही ओरडलो. सत्तरीला आलेला माणूस, पोरासारखा ओरडलो. "आता बोलायला लागली बघा, आबा!" ती म्हणाली. खोटं कशाला सांगू, तेवढं सुख मला कित्येक वर्षांत झालं नव्हतं. त्या गाडीत मजा होती, ती त्या यंत्रांखाली पुरलेली होती, हे मी आजही म्हणेन.

एक गोष्ट मात्र बंद झाली नव्हती. पाटीवर तिचं बटणच नव्हतं. ती ब्रेकच्या आतच बसवलेली असते. चाक अडकायला लागलं की गाडी स्वतःच ब्रेक सोडते आणि दाबते, एका सेकंदात दहा-पंधरा वेळा. मी पायानं तीनदा करायचो, ते ती पंधरादा करते. आणि ती ते करायला लागली की पेडल पायाखाली थरथरतं. तेव्हा पाय उचलायचा नसतो. उलट सगळी ताकद लावून दाबून धरायचा असतो. मला हे ठाऊक नव्हतं. लुंबिनीला ठाऊक होतं, म्हणजे वहीत ठाऊक होतं. सुगत हा धडा दरवर्षी हजार पोरांना शिकवतो, आणि परीक्षेत हिनं तो प्रश्न बरोबर सोडवला होता. पण पायाला मी शिकवलं होतं.

श्रावणात पारूच्या भाचीचा साखरपुडा होता, कंधारला. सुगतची टेस्ट होती, माझा गुडघा सुजला होता. लुंबिनी म्हणाली, मी नेते आजीला. पारूनं जांभळं लुगडं नेसलं, गाडीत बसून मला म्हणाली, "येतो हां. माझी सवत सांभाळा." लुंबिनीनं सवयीनं पाटीवरचं सगळं बंद केलं आणि दुपारी बारा वाजता दोघी निघाल्या.

अहमदपूर सोडल्यावर भुरभुर पाऊस होता. पुढे उतारावर एक ट्रॅक्टर ट्रॉलीसकट बंद पडून अर्ध्या रस्त्यात उभा होता. मागे दिवा नाही की दगड नाही. लुंबिनीला तो वेळेत दिसला, हे तिनं नंतर पोलिसाला सांगितलं. तिनं ब्रेक दाबला. गाडीची डावी बाजू ट्रॉलीच्या कोपऱ्यात गेली. लुंबिनीचं मनगट मोडलं. पारू नांदेडला पोचेपर्यंत राहिली नाही.

मी गाडीला शिव्या दिल्या. घरात माणसं बसलेली असताना दिल्या, पारूच्या पुण्यानुमोदनाच्या विधीत भन्तेजींसमोर दिल्या. त्या यंत्रांनी माझी पारू खाल्ली, असं मी येईल त्याला सांगत होतो. सुगतलाही तसंच वाटत असावं, कारण त्यानं कंपनीला लिहिलं, आणि पंधरा दिवसांनी त्यांचा एक माणूस हैदराबादहून आला.

सज्जन माणूस होता. म्हणाला, गाडी शेवटच्या पाच सेकंदांची नोंद ठेवते. त्यानं चुरगळलेल्या गाडीतून ती काढली आणि कागदावर छापून आमच्या बैठकीत टेबलावर ठेवली. वेगाची एक रेघ होती आणि खाली ब्रेकची एक. ब्रेकची रेघ वर जात होती, खाली येत होती, वर, खाली, वर, खाली, वर.

"ब्रेकनं बरोबर काम केलं, सर," तो सुगतला म्हणाला. "ताईंनी पाय उचलला. एकदा नाही, तीनदा."

"दाबून धरला असता तर?"

त्या माणसानं कागदावरचा आकडा वाचला. "अकरा फूट आधी थांबली असती."

सुगतनं कागद उचलला आणि लुंबिनीकडे बघितलं. ती हाताचं प्लास्टर मांडीवर घेऊन बसली होती. "घाबरलीस?" त्यानं विचारलं. "इतकं शिकवून, इतकं करून, घाबरून पाय उचललास?" ती प्लास्टरची कड नखानं खरवडत राहिली. त्या दिवसापासून तो तिच्याशी बोलला नाही. ओरडलाही नाही. जेवताना ताट घेऊन दुसऱ्या खोलीत जायचा. तिच्या आईनं रजा काढली होती, ती दोघांच्या मध्ये नुसती येरझारा घालायची.

मी त्या रेघेकडे बघत होतो. घाबरलेल्या माणसाची रेघ अशी नसते. घाबरलेला माणूस उचलतो तो उचलतोच, नाहीतर दाबतो तो दाबतोच. ही रेघ मोजून मारलेली होती. एक, दोन, तीन. माळावरचा तिचा आवाज माझ्या कानात होता. पोरीनं एक चूक केली नव्हती. मी सांगितलं होतं ते तिनं अगदी जसंच्या तसं केलं होतं, आणि माझी बायको मेली होती.

तीन दिवस मी ते तोंडातून काढू शकलो नाही. भित्रा आहे मी, हे मला सत्तराव्या वर्षी कळलं. चौथ्या दिवशी सकाळी सुगत क्लासला निघाला होता, लुंबिनी पायरीवर बसली होती. मी त्याला थांबवलं आणि सगळं सांगितलं. माळ, जीप, कायदा, बटणं.

"पोरीची चूक न्हाई, सुगत. मी मारलं तुझ्या मायला. हिच्या पायात माझा पाय होता."

सुगतनं डोळे मिटले. "आबा, पुरे."

"खरं सांगून राहिलो."

"लोणच्याच्या बरणीपासून बघतोय मी. प्रत्येक वेळी तिचं तुम्ही अंगावर घेतलंत, मी हसलो. ही बरणी नाही, आबा. ही माझी आई होती. ह्या वेळी तरी नका घेऊ."

"तिलाच विचार!"

त्यानं चार दिवसांनी पहिल्यांदा लेकीकडे तोंड वळवलं. "आबांनी शिकवलं होतं असं?"

लुंबिनीनं माझ्याकडे बघितलं. मी मान हलवत होतो, सांग बाई, सांग. मग ती बापाकडे बघून स्वच्छ आवाजात म्हणाली, "न्हाई पप्पा. आबांनी असं काही शिकवलं न्हाई. मी घाबरले होते."

सुगत मोटारसायकल काढून निघून गेला.

मी लुंबिनीला म्हणालो, जीप काढ, करून दाखव त्याला, मग पटंल. मागे गेलो तर जागा रिकामी. जीप त्यानं दोन दिवस आधीच भंगारवाल्याला देऊन टाकली होती. घरात यापुढं कुणी गाडी शिकायची नाही, म्हणाला होता म्हणे. चाकांच्या जागी पिवळ्या गवताचे चार ठिपके राहिले होते. मी तिथंच खाली बसलो.

लुंबिनी मागून आली. पायात चपला होत्या. हल्ली ती घरातसुद्धा चपला काढत नाही.

"खोटं का बोललीस?"

ती माझ्या शेजारी बसली. "आबा, पप्पांचा तुमच्यावर राग बसला तर तो निघायचा न्हाई. आजी गेली, आता लेकबी बोलंना झाला, तर तुमी चार महिने काढणार न्हाईत. मी बघून राहिले तुमाला. मला जमंल हे. मला लई वर्षं हायेत."

"अगं म्हणूनच," मी म्हणालो. "म्हणूनच तर, बाई. तुला लई वर्षं हायेत."

ती उठली. नवी बॅच सुरू झाली होती, नऊला हजेरी.

तेव्हापासून मी सुगतला रोज सकाळी सांगतो. तो छापील कागद माझ्याजवळ आहे, घड्यांवर फाटत चाललाय. तो टेबलावर पसरतो आणि रेघेवर बोट ठेवून दाखवतो, हे बघ, एक, हे दोन, हे तीन, घाबरलेलं माणूस असं मोजत नाही. दारात लुंबिनी दप्तर खांद्याला लावून उभी असते आणि ऐकत असते. सुगत आता चिडतही नाही. उलट हळूच माझ्या हाताखालून कागद काढून घडी घालतो.

"आबा," तो म्हणतो, "बीपीची गोळी घेतली का?"

गोळी मी घेतलेली असते.